मोटरसायकल आणि तिच्यावरचे वजन

प्रवासात वस्तू सुटत नाहीत, सुटतो तो बांधणाऱ्याचा विचार, असे गाठसाहेबांचे मत होते, आणि कुणी विचारील तेव्हा सांगू म्हणून त्यांनी ते कधी राखून ठेवले नाही. काचेच्या कारखान्यात माल बांधून रवाना करणाऱ्या खात्यात त्यांची एकतीस वर्षे झाली होती. एवढ्या काळात त्यांच्या हातची एकही काच वाटेत तडकली नव्हती. ज्या थोड्या तडकल्या त्या ग्राहकाने पेटी उघडल्यानंतर. आणि उघडल्यानंतरच्या घटनेला बांधणारा उत्तरदायी नसतो, हे त्यांनी एकामागून एक आलेल्या तीन व्यवस्थापकांना लेखी पटवून दिले होते. कारखान्यात सगळे त्यांना गाठसाहेब म्हणत. घरी बायको चिडली की तीही म्हणे.

म्हणून सासऱ्यांची मोटरसायकल पिकअपमध्ये घालून पस्तीस किलोमीटर न्यायचे ठरले, तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि जाहीर केले, "काच नेणाऱ्याला लोखंड नेणं म्हणजे सुट्टीचा दिवस."

ही मोटरसायकल का न्यायची होती ते आधी सांगितले पाहिजे. कारण पुढे जे घडले त्यात हसण्यासारखे बरेच असले, तरी मुळात प्रकरण हसण्याचे नव्हते. सासरे दोन महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून पडले. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलेही. त्यांना थोरल्या मुलीकडे तळमजल्यावरच्या खोलीत ठेवले होते, आणि त्यांची मोटरसायकल गाठसाहेबांच्या दाराशी आणून ठेवली होती. आता त्यांनी फक्त उठून चालायचे होते, आणि नेमके तेवढेच ते करीत नव्हते. व्यायाम शिकवणाऱ्या बाई रोज येत आणि वॉकर समोर उभा करीत. सासरे त्याच्याकडे, दारावर आलेल्या नकोशा विक्रेत्याकडे पाहावे तसे पाहत आणि भिंतीकडे तोंड फिरवीत. डॉक्टरांनी थोरलीला बाजूला घेऊन सांगितले होते की महिनाअखेरपर्यंत पाय जमिनीवर पडले नाहीत, तर पुढे पडायचे नाहीत. महिना संपायला नऊ दिवस उरले होते.

दोन महिन्यांत म्हाताऱ्याने मागितले काहीच नाही. एकदा मात्र औषध घेता घेता ते म्हणाले, "गाडी उन्हात असेल."

तेवढ्या एका वाक्यावर दोघी बहिणींनी बेत रचला. गाडी आणून त्यांच्या खिडकीसमोर उभी करायची. माणसांकडे पाहून जो उठत नाही, तो कदाचित तिच्याकडे पाहून उठेल.

ही आशा अगदीच निराधार नव्हती. गाडी बेचाळीस वर्षांची होती, आणि बेचाळीस वर्षांत सासऱ्यांखेरीज तिचे हँडल धरून कुणी बसलेले नव्हते. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात नव्या जावयाने बुटाची नाडी बांधण्यासाठी हातातली पिशवी क्षणभर त्या सीटवर टेकवली. सासऱ्यांनी ती उचलली आणि जमिनीवर ठेवली. सीटपासून जमिनीपर्यंतचा त्या पिशवीचा प्रवास गाठसाहेब बावीस वर्षे विसरले नव्हते. आता हा बेत कळल्यावर सासरे फोनवर दोन महिन्यांतले सर्वांत लांब वाक्य बोलले: "येऊ द्या, पण जावईबापूंना म्हणावं, तुम्ही तसदी घेऊ नका, पिकअपवाला बांधील."

हे वाक्य बायकोने नवऱ्याच्या कानावर घालायला नको होते. तिने घातले.

रविवारी सकाळी नऊला पिकअपवाला आला. अशा मोटरसायकली तो नेहमी नेत असे, आणि त्याची पद्धत पंधरा मिनिटांची होती. फळी लावून त्याने गाडी हौद्यात चढवली, पुढचे चाक हौद्याच्या पुढच्या भिंतीला भिडवले, गिअर टाकला, पेट्रोलचा कॉक बंद केला, स्टँड वर घेतला. मग खटक्याचे चार पट्टे काढून तो म्हणाला, "दोन पुढून, दोन मागून. पुढचे शॉक निम्मे दाबायचे. झालं काम."

"निम्मे का?" गाठसाहेबांनी विचारले.

"खड्ड्यात गाडी वरखाली होणार ना साहेब. स्प्रिंगला श्वास घ्यायला जागा पाहिजे."

"म्हणजे ती हलणार."

"थोडी हलणारच."

"थोडी हलणारी वस्तू आणि फार हलणारी वस्तू यांत फक्त अंतराचा फरक असतो," गाठसाहेब म्हणाले. "आमच्याकडे हलणं हाच गुन्हा. दाबायचे तर पुरते दाबू."

"ही काच नाही साहेब."

"बांधणीला काय, दोन्ही मालच."

पिकअपवाल्याने पट्टे पुन्हा गुंडाळले. बारा वाजता त्याला एका दुकानाची कपाटे हलवायची होती, आणि या माणसाशी वाद घालत बसलो तर कपाटे संध्याकाळपर्यंत जागची हलणार नाहीत, हे त्याच्या ध्यानात आले होते.

गाठसाहेबांनी घरातून आपली सुती दोरी आणली. अंगठ्याएवढी जाड, वीस मीटर लांब आणि अखंड. एकाच दोरीची बांधणी हे त्यांच्या खात्याचे वैभव होते: एक गाठ दुसरीला ओढून धरते, दुसरी तिसरीला, आणि माल पोचल्यावर घेणाऱ्याने ती सुरीने कापायची असते, कारण ती सोडवता येईल अशी अपेक्षाच नसते.

आता प्रश्न उरला वजनाचा. शॉक पुरते दाबायचे तर कुणीतरी सीटवर बसायला हवे होते. पिकअपवाल्याने बसून पाहिले. गाडीला ते कळलेसुद्धा नाही. एवढ्यात शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर, मुलीने शिवून दिलेली नवी करडी पँट घालून, काय चालले आहे ते पाहायला आले. पोस्टमास्तर अठ्ठ्याण्णव किलोंचे आणि स्वभावाने अत्यंत परोपकारी होते. दोन्ही गुण त्या क्षणी हवेच होते.

"अहो, त्या सीटवर बाबा कुणाला बसू देत नाहीत," बायको खालून म्हणाली.

"ते बसत नाहीयेत," गाठसाहेब म्हणाले. "ते दाबतायत."

पोस्टमास्तरांनी दाबले. शॉक तळाला टेकले. गाठसाहेब दोरी घेऊन गाडीभोवती फिरू लागले. हँडलवरून हौद्याच्या कडीला, कडीतून फूटरेस्टला, तिथून मागे आणि परत पुढे. अकरा गाठी झाल्या. शेवटी त्यांनी कुंड्यांना पाणी घालायची झारी मागवली आणि सगळ्या दोरीवर पाणी ओतले.

"हे कशाला?" पोस्टमास्तरांनी पाय आकसून विचारले.

"सुती दोरी भिजली की आखूड होते. माणसाच्या हाताने जेवढं आवळता येतं त्याच्या पुढचं पाणी आवळतं."

पाण्याने खरोखरच आवळले. दोरी करकरली, गाडी आणखी अर्धा बोट खाली गेली आणि पुतळ्यासारखी स्थिर झाली. गाठसाहेबांनी हँडल हलवून पाहिले, ते हलेना. मागचे चाक हलवून पाहिले, तेही हलेना. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले.

"उतरा आता," ते म्हणाले.

पोस्टमास्तरही हलेनात.

उजव्या पायाची नवी करडी पँट फूटरेस्टजवळच्या सातव्या गाठीत गेली होती. नुसती दोरीखाली सापडली असती तर ओढून काढता आली असती. ती गाठीच्या आत, दोरीबरोबर दोन वळसे घेऊन, दोरीचीच नातेवाईक असल्यासारखी बसली होती. पिकअपवाल्याने पक्कड लावून पाहिली, बायकोने सुई घालून पाहिली.

"दोरी कापा," पिकअपवाला म्हणाला.

"एकच दोरी आहे. एक ठिकाणी कापली की सगळी सुटते. दुसरी माझ्याकडे नाही."

"मग पँट कापा."

"ती मुलीनं शिवलीय," पोस्टमास्तर म्हणाले. स्वर नरम होता, पण त्यात वाटाघाटीला जागा नव्हती.

"मग पँट काढा."

पोस्टमास्तरांनी आजूबाजूला पाहिले. समोरच्या तिन्ही गच्च्यांवर माणसे उभी होती. त्यांपैकी निम्म्या जणांची पत्रे वीस वर्षे त्यांच्या हाताखालून घरपोच गेली होती. त्यांनी कमरेचा पट्टा एक भोक आवळला.

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. पलीकडून थोरली कुजबुजत होती, तरी सगळ्यांना ऐकू गेले. "अगं, निघालात का? बाबांना खिडकीशी खुर्चीत बसवलंय. आपणहून म्हणाले, बसतो. दोन महिन्यांत पहिल्यांदा. पण फार वेळ नाही बसणार, कंबर दुखतेय त्यांची. या लवकर."

बायकोने फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिले. बावीस वर्षांच्या संसारात या नजरेपुढे त्यांनी कधी वाद घातला नव्हता.

"दोरी वाटेत सुकेल," ते घाईघाईने म्हणाले. "सुकली की सैल पडेल. सैल पडली की पँट सुटेल. पोस्टमास्तर, पाच-दहा किलोमीटरचा प्रश्न आहे."

"मला काय," पोस्टमास्तर म्हणाले. "रविवारच आहे. वाराही लागेल."

अशा रीतीने पिकअप निघाली. पुढे पिकअपवाला, शेजारी बायको, मांडीवर वडिलांचे हेल्मेट घेतलेली, मागे हौद्यात मोटरसायकल, तिच्यावर हँडल धरून ताठ बसलेले पोस्टमास्तर, आणि त्यांच्या पायाशी, गाठींवर नजर ठेवून, गाठसाहेब. झारी बरोबर होती. ती का घेतली असे कुणी विचारले नाही, आणि गाठसाहेबांनाही सांगता आले नसते.

दोरी सुकली. याबाबत गाठसाहेबांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. सैलही पडली. फरक एवढाच की बाकीच्या दहा गाठींमधली दोरी सैल पडली आणि पँटवाली सातवी, आतून ओली राहिल्यामुळे, होती तशीच राहिली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर पहिल्याच वळणावर मोटरसायकल डावीकडे कलली. पोस्टमास्तरांनी डावा पाय हौद्यावर टेकून ती सरळ केली. दुसऱ्या वळणावर उजवीकडे कलली. उजवा पाय बांधलेला होता, तेव्हा गाठसाहेबांनी खांदा दिला.

"साहेब," पोस्टमास्तर म्हणाले, "सुटायचं ते सुटत नाहीये आणि राहायचं ते सुटतंय."

"पाणी," गाठसाहेब म्हणाले आणि केबिनच्या काचेवर थापा मारल्या.

रस्त्याकडेच्या नळावर झारी भरली. दोरीवर पाणी घातले, दोरी आवळली, गाडी ताठ झाली. चार किलोमीटरांनी पुन्हा कलली. पुन्हा पाणी. त्यानंतर पिकअप तिसाच्या वेगाने चालली होती आणि गाठसाहेब हौद्यात उकिडवे बसून एका मोटरसायकलला, आणि निरुपायाने तिच्यावरच्या माणसाला, रोपाला घालावे तसे पाणी घालीत होते. बसमधल्या लोकांनी खिडक्या उघडल्या. पोस्टमास्तरांना कुणीतरी हात केला. सवयीने त्यांनीही केला.

चौकात वाहतूक पोलिसाने पिकअप थांबवली. तो मागे आला आणि त्याने हौद्याभोवती एक फेरी मारली.

"हे काय चाललंय?"

"मोटरसायकल नेतोय," गाठसाहेब म्हणाले.

"आणि हे?"

"ते वजन आहे."

पोस्टमास्तरांनी मान लववली.

"वजनाला पाणी कशाला घालताय?"

"वजनाला नाही, दोरीला. उडतं थोडं."

"मालाच्या गाडीत माणसं बसवता येत नाहीत, माहीत आहे ना?"

वादाची संधी समोरून चालत आली, म्हणजे ती परत पाठवणे गाठसाहेबांच्या हातून होत नसे. "ते मालाच्या गाडीत बसलेले नाहीत," ते म्हणाले. "ते मोटरसायकलवर बसलेले आहेत. मालाच्या गाडीत मोटरसायकल आहे."

"मोटरसायकलवर बसलेत?"

"उघड आहे."

"मग हेल्मेट कुठंय?"

एकतीस वर्षांत तीन व्यवस्थापकांना जे जमले नव्हते ते त्या पोलिसाला जमले. गाठसाहेब गप्प झाले. मग बायकोनेच खाली उतरून सगळी हकीकत सांगितली: वडील, खुबा, महिनाअखेर, खुर्ची. पोलीस हौद्यात चढला आणि त्याने सातवी गाठ सोडवायला घेतली. पाच मिनिटांनी एक नख मोडून तो उतरला तेव्हा त्याच्या बोलण्यात आदर होता.

"कुणी बांधली?"

"मी."

"काय काम करता?"

"काच बांधतो."

"फुटत नसणार."

"नाही."

दिवसभरात गाठसाहेबांना मिळालेली प्रशस्ती ती एवढीच.

"काका, तुम्हाला उतरताच येत नाही, म्हणजे तुम्ही माल," पोलिसाने निकाल दिला. "जा. पण हेल्मेट घालून जा, पडलात तर मला झोप लागायची नाही."

बायकोच्या मांडीवरचे हेल्मेट पोस्टमास्तरांच्या डोक्यावर चढले. काच खाली ओढल्यावर त्यांचा चेहरा दिसेनासा झाला.

थोरलीच्या घरासमोर पिकअप थांबली तेव्हा अकरा वाजून गेले होते. गाठसाहेबांनी खिडकीकडे पाहिले. खिडकीत सासरे होते. खुर्चीत एका बाजूला कललेले, डोळे मिटत चाललेले. थोरलीने त्यांच्या खांद्याला हात लावून बाहेर बोट केले. त्यांनी डोळे उघडले.

त्यांना काय दिसले असेल याचा विचार केल्यास त्यांना दोष देता येणार नाही. त्यांची मोटरसायकल होती. ती पिकअपवर, जणू व्यासपीठावर, उभी होती. तिच्यावर एक धिप्पाड अनोळखी मनुष्य बसला होता. त्याने तिचे हँडल दोन्ही हातांनी धरले होते, आणि त्याच्या डोक्यावर त्यांचे हेल्मेट होते.

खिडकी रिकामी झाली.

"पडले," बायको म्हणाली आणि तिने नवऱ्याचा दंड धरला. गाठसाहेब दाराकडे वळले. पिशवी नव्हे, हेल्मेट नव्हे, या क्षणी त्यांना कशाचेच काही वाटत नव्हते. एवढेच वाटत होते की म्हातारा जमिनीवर पडलेला असू नये.

दार उघडले. दारात सासरे उभे होते. चौकटीला एक हात, दुसरा मोकळा, पाय अनवाणी. त्यांनी चौकट सोडली. एक पायरी उतरले, कठडा धरला, दुसरी उतरले. मागून थोरली रिकामा वॉकर दोन्ही हातांत अधांतरी धरून, चवड्यांवर चालत येत होती. तिने बहिणीकडे पाहून ओठांवर दात रोवले. झोपेत चालणाऱ्या माणसाला हाक मारू नये म्हणतात; रागात चालणाऱ्यालाही मारू नये, हे त्या क्षणी सगळ्यांना न सांगता कळले होते.

अंगण ओलांडून सासरे पिकअपशी आले आणि त्यांनी फाळका धरला.

"कोण रे तू? उतर आधी खाली."

"तेच करायचंय साहेब," हेल्मेटमधून आवाज आला. "दोन तास झाले."

सासऱ्यांचे लक्ष तोवर दुसरीकडे गेले होते. ते फाळक्याला धरून कडेने पुढे सरकले आणि पुढच्या चाकाशी वाकले. हौद्यावर काळसर तेलाचे थारोळे होते.

"शॉक एवढे कुणी दाबले?"

पिकअपवाल्याने आभाळाकडे पाहिले. बायकोने झारीकडे पाहिले.

"मी," गाठसाहेब म्हणाले. "हलू नये म्हणून."

"दोन्ही ऑइल सील गेले." सासऱ्यांनी दोरीला बोट लावून पाहिले. "पाणी कशाचं हे?"

"दोरी सुकत होती."

"आणि या माणसाला का बांधलंस?"

याला उत्तर होते, पण ते लांब होते. गाठसाहेबांनी आयुष्यात प्रथमच ते दिले नाही.

"सुरी आण आतून," सासरे म्हणाले.

"दोरी कापायची?"

"मग काय शिवायची?"

सुरी आली. पुढची दहा मिनिटे सासरे सांगत होते आणि गाठसाहेब करीत होते. "तुम्ही तसेच बसा, उठू नका, गाडी उसळेल. पुढचा ब्रेक धरा. तू मागची काप. सगळी नको, अर्धी. आता पुढची. हळू. अरे हळू." दोरी तटतट तुटत गेली, आणि दाबून ठेवलेली गाडी बोटाबोटाने वर आली आणि लांबच्या वाटेने आलेला माणूस दारात पोचल्यावर सोडतो तसा तिने एक उसासा सोडला. सातवी गाठ तरीही सुटली नाही. तिच्या दोन्ही बाजूंची दोरी कापावी लागली, आणि पोस्टमास्तर उतरून आपल्या पायाशी ती गाठ, पदकासारखी लटकणारी, घेऊन फिरू लागले.

मग सासऱ्यांनी खाली आपल्या पायांकडे पाहिले. मागे वळून दाराकडे पाहिले. पाय थरथरू लागले होते.

"ते काय धरून उभी आहेस केव्हाची?" ते थोरलीला म्हणाले. "ठेव इथं."

तिने वॉकर ठेवला. त्यांनी तो सहज, कुंपणाला टेकावे तसा, धरला. थोरली घरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. बायको मात्र तिथेच उभी राहून रडली, आणि धूळ गेली म्हणाली. मघाशी तिने धरलेला दंड गाठसाहेबांना आत्ता कुठे दुखू लागला.

गाडी खिडकीसमोर लावून झाली. पिकअपवाला कपाटांकडे पळाला. चहा झाल्यावर सासऱ्यांनी पोस्टमास्तरांना जवळ बोलावले आणि त्यांच्याकडे वरून खालपर्यंत, माल पारखावा तसे पाहिले.

"वजन किती?"

"अठ्ठ्याण्णव."

"चांगलं आहे. सील बदलायचे, तेल भरायचं, मग शॉक दाबून बघावे लागतात. मला आता तेवढा जोर देता यायचा नाही. पुढच्या रविवारी याल का? बसावं लागेल."

"सीटवर?"

"मग कुठं?"

पोस्टमास्तर हो म्हणाले. गाठसाहेब चहाचा रिकामा कप हातात घेऊन उभे होते. बावीस वर्षांत त्या सीटपर्यंत ते स्वतः पोचले नव्हते, आणि शेजारचा माणूस एका सकाळीत तिथे पोचून वर आमंत्रणही घेऊन चालला होता.

"बाबा," ते म्हणाले, "मी येऊ ना?"

सासऱ्यांनी विचार केला. खरोखर केला, उगाच केल्यासारखे दाखवले नाही.

"ये," ते म्हणाले. "नट ठेवायला वाटी लागते. ती धर."

पुढच्या रविवारी सासरे वॉकर घेऊन अंगणात आले, कुणी न सांगता. त्यानंतरच्या रविवारी काठी घेऊन. पोस्टमास्तर सीटवर बसत, शॉक दाबत, आणि दोघे जुन्या रस्त्यांच्या गप्पा मारत. गाठसाहेब बाजूला स्टुलावर वाटी धरून असत. एका रविवारी वेळ जाईना म्हणून त्यांनी वाटीतले नट आकारानुसार लावायला घेतले. मोठे एका बाजूला, बारीक दुसऱ्या बाजूला. सासऱ्यांनी मान वर न करता म्हटले, "लावू नकोस. काढले त्या क्रमानं राहू दे."

यावर गाठसाहेबांकडे तीन मुद्दे होते आणि तिन्ही बिनतोड होते. त्यांनी नट पूर्ववत केले, वाटी दोन्ही हातांनी नीट धरली, आणि ती जराही हलणार नाही इकडे लक्ष दिले.